आपला पैसा आणि आपले रान



आपण बँकेत, पतसंस्थेत किंवा बचत गटात पैसा ठेवतो तेव्हा बहुधा दोनच प्रश्न विचारतो. पैसा सुरक्षित आहे ना? आणि व्याज किती मिळणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : हा पैसा पुढे जातो कोठे? ठेव म्हणून दिलेला पैसा पेटीत पडून राहत नाही. बँक तो कर्जाऊ देते. त्यातून कोठे विहीर बांधली जाते, कोठे राइस मिल उभी राहते, तर कोठे डोंगर फोडला जातो. ठेवीदार या सर्व कामांत नकळत भागीदार असतो. चिमूरसारख्या जंगलपट्टीत राहणाऱ्या आपल्यासाठी हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. म्हणून या अभ्यासलेखात त्याचा विचार करू या.

नफा आणि दान यांमधली वाट

पैसा वापरण्याच्या दोन वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. पहिली व्यापाराची. तेथे जास्तीत जास्त नफा पाहिला जातो. दुसरी दानाची. तेथे पैसा परत यावा अशी अपेक्षाच नसते. या दोहोंच्या मधली एक तिसरी वाट आहे. तिला 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' म्हणतात. मराठीत आपण तिला परिणामलक्षी गुंतवणूक म्हणू. हे नाव २००७ साली इटलीतील बेलाजिओ येथे रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या एका बैठकीत पुढे आले.

या गुंतवणुकीच्या तीन खुणा आहेत. पहिली : समाजाचे किंवा निसर्गाचे कोणते भले करायचे ते पैसा देण्याआधीच ठरलेले असते. दुसरी : मुद्दल परत यावे आणि त्यावर काही माफक मोबदला मिळावा अशी अपेक्षा असते. तिसरी : ठरवलेले भले खरोखर झाले की नाही, हे मोजले जाते. शेवटची खूण सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. २००१ साली मुंबईत 'आविष्कार' ही संस्था ग्रामीण भागातील लहान उद्योगांत भांडवल घालण्यासाठी सुरू झाली. त्याआधी १९९७ साली सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे सरकारही या वाटेवर आले. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रथमच हरित कर्जरोखे काढून १६,००० कोटी रुपये उभे केले. हा पैसा सौर ऊर्जेसारख्या ठरावीक कामांसाठीच वापरायचा असतो.

प्रश्न आपल्या दारातला आहे

चंद्रपूर जिल्ह्याला निसर्गाने दोन्ही दिले : जमिनीच्या वर घनदाट रान आणि जमिनीच्या पोटात कोळसा. कोळशाने या जिल्ह्याला वीज दिली, कारखाने दिले आणि हजारो कुटुंबांना रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता.

हा प्रश्न आपल्या तालुक्यातही येऊन ठेपला होता. चिमूर तालुक्यातील बंदर येथील कोळसा क्षेत्र ताडोबाच्या शेजारी, वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. जून २०२० मध्ये केंद्राने लिलावासाठी ४१ कोळसा खाणींची यादी काढली. तीत बंदरचे नाव होते. त्याला विरोध झाला आणि त्याच वर्षी हे नाव यादीतून वगळण्यात आले.

येथे आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. खाण नको असे म्हणणे ही अर्धीच गोष्ट झाली. मग रानाशेजारच्या माणसाने पोट कशावर भरावे, या प्रश्नाचे उत्तर उरलेल्या अर्ध्यात आहे. रान उभे ठेवून घर चालत असेल, तरच रान टिकेल. ते चालवण्यासाठी पैसा लागतो आणि तो पैसा योग्य अटींवर यावा लागतो. याचे दाखले आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत.

मेंढा गावाचा धडा

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा (लेखा) हे गाव लागते. सुमारे शंभर घरांचे हे गोंड आदिवासींचे गाव. गावाभोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आंदोलन झाले. त्या काळात हे गाव जागे झाले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ गावाला लाभली. गावाचा कारभार सर्वांच्या सहमतीने चालवायचा, बहुमताने नव्हे, असे ठरले. 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. पण कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. जुन्या १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाड समजला जात होता. त्यामुळे वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, हा वाद अडून बसला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

त्यानंतर काय बदलले? बांबू तोच, तोडणारे हातही तेच. पूर्वी गावकरी फक्त मजूर होता. भाव दुसरे ठरवीत आणि नफाही दुसरीकडे जात असे. आता ग्रामसभा विक्रेती झाली. मजुरी देऊन उरणारी रक्कम ग्रामसभेच्या खात्यात राहू लागली आणि तिचे काय करायचे ते गावच ठरवू लागले. बांबूचे बेट नीट राखले, कोवळे कोंब आणि नवे बांबू सोडून जुनेच तोडले, तर तेच बेट पुन्हा पुन्हा उत्पन्न देते. हे मुद्दल न मोडता व्याजावर जगण्यासारखेच आहे. पुढच्या वर्षीही बांबू आपल्यालाच विकायचा आहे, हे ज्याला ठाऊक असते तो बेट ओरबाडीत नाही.

पाचगावने काय सोडले?

दुसरा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा. या लहानशा गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूची विक्री हाती घेतली आणि गावातल्या गावात रोजगार उभा केला.

पण पाचगावचे वेगळेपण त्याने काय विकले यापेक्षा काय विकले नाही यात आहे. आपल्या भागात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला हमखास रोख पैसा. पाचगावच्या ग्रामसभेने मात्र तेंदूपत्ता तोडायचा नाही असे ठरवले. कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लावल्या जातात. त्या आगीत रोपे जळतात, पाखरांची अंडी जळतात. पाने तोडली की तेंदूच्या फळालाही मुकावे लागते. शिवाय जंगलाचा काही भाग कोणीही न तोडता तसाच राखायचा, असेही गावाने ठरवले.

हातातला रोख पैसा सोडणे गरीब गावाला सोपे नसते. बांबूचे उत्पन्न आणि त्यावरचा अधिकार हाती होता, म्हणून पाचगावला तेंदूवर पाणी सोडणे परवडले. निसर्ग जपा असा उपदेश रिकाम्या पोटी माणसाला करून भागत नाही. त्याला दुसरे उत्पन्न आणि निर्णयाचा अधिकार मिळाला, तर तो आपणहून जपतो.

अडचण कोठे आहे?

मग सगळीच गावे अशी का होत नाहीत? हक्क मिळण्यातल्या अडचणी तर आहेतच. पण हक्क मिळाल्यावरही एक अडचण उरते आणि ती पैशाची आहे.

वनहक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार हा हक्क वारसाने पुढे जातो. पण तो विकता येत नाही किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे. तिच्यामुळे कोणा सावकाराला कर्जापोटी गावाचे रान घशात घालता येत नाही. पण तिची दुसरी बाजू अशी की, बँकेत कर्जासाठी तारण काय ठेवणार? हजार हेक्टर रानाचे हक्कदार असलेले गावही बँकेच्या दृष्टीने रिकाम्या हाताचेच ठरते.

हिशेब करून पाहू. समजा, एका ग्रामसभेने बांबू तोडणीसाठी ८० मजूर २० दिवस लावले आणि रोजची मजुरी ४०० रुपये धरली. मजुरीचे ६,४०,००० रुपये झाले. मजुराला मजुरी त्याच आठवड्यात हवी असते, पण बांबूचे पैसे यायला तीन-चार महिने लागू शकतात. मधला काळ कसा काढायचा? बहुधा ठेकेदाराकडून उचल घेतली जाते आणि उचल देणारा भावही आपणच ठरवतो. समजा, माल १६ लाखांचा आहे आणि उचलीपोटी भाव १० टक्के पाडून द्यावा लागला. गावाचे १,६०,००० रुपये गेले. तेच ६,४०,००० रुपये दरसाल १२ टक्के व्याजाने चार महिन्यांसाठी कर्जाऊ मिळाले असते, तर व्याज झाले असते फक्त २५,६०० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण आपल्या गावचे आकडे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

मोहफुलांचेही तसेच. मोह पडतो तेव्हा सगळेच विकायला काढतात, म्हणून भाव पडतो. साठवायला कोरडी जागा आणि चार महिने दम धरायला हाती पैसा असेल, तर तोच मोह पुढे चांगल्या भावाने जातो. म्हणजे येथे कोट्यवधींच्या प्रकल्पाची गरज नाही. लहान, स्वस्त आणि हंगाम संपेपर्यंत थांबणारे भांडवल हवे. परिणामलक्षी गुंतवणुकीला आपल्या भागात करण्याजोगे खरे काम हेच आहे.

तारण नाही म्हणून कर्ज नाही, हा नियम पूर्वीही मोडला गेला आहे. १९९२ साली नाबार्डने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तेव्हा त्या बायांकडे तारण नव्हते. त्यांच्याकडे नियमित बचतीची नोंदवही होती आणि एकमेकींची हमी होती. बँकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि आज गावोगावी गटांना कर्ज मिळते. ज्या ग्रामसभेकडे ठरावांची वही, पावत्यांचा हिशेब आणि मागील विक्रीच्या नोंदी आहेत, तिलाही याच न्यायाने कर्ज मिळायला हरकत नसावी.

गावाची स्वतःची शिल्लक हे मात्र सर्वांत चांगले भांडवल. गडचिरोलीत २०१७ च्या हंगामात तेंदूपत्त्याला चढा भाव मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो कोसळला. चांगल्या वर्षी सगळे वाटून टाकणाऱ्या गावाला वाईट वर्षी पुन्हा ठेकेदाराच्या दारात जावे लागते. ज्या गावाने काही भाग बाजूला ठेवला, ते स्वतःच स्वतःचे सावकार होते.

ख्रिस्तसभेची जुनी परंपरा

पैशाचा असा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. १४६२ साली इटलीतील पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. सावकाराच्या जबर व्याजातून गरिबाला सोडवणे हा तिचा हेतू होता. पेढीचा खर्च भागेल एवढीच रक्कम ती घेई. तेवढे घेणेही पाप आहे काय, यावर पुष्कळ वाद झाला. १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने अशा पेढ्यांना मान्यता दिली. आपल्या महाराष्ट्रात वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था सुरू केली. आज ती मोठी सहकारी बँक आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले की, पैसा येथे गुंतवायचा की तेथे, हा केवळ हिशेबाचा निर्णय नसून नैतिक निर्णय असतो. जून २०१४ मध्ये रोम येथे परिणामलक्षी गुंतवणुकीवर परिषद भरली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी तिला मार्गदर्शन केले. पुढच्याच वर्षी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात त्यांनी दाखवून दिले की, धरणीचे दुःख आणि गरिबाचे दुःख वेगवेगळे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सावधगिरीचे दोन शब्द

चांगल्या नावाखाली वाईट व्यवहारही होतात. गरीब स्त्रियांना लहान कर्जे देण्यासाठी म्हणून मोठमोठ्या गुंतवणूकदारांनी सूक्ष्म वित्तसंस्थांत पैसा ओतला. पण नफ्याची घाई झाली. एकेका बाईला तीन-तीन ठिकाणची कर्जे दिली गेली आणि वसुलीसाठी छळ होऊ लागला. २०१० साली आंध्र प्रदेशात हे प्रकरण इतके चिघळले की, तेथील सरकारला वटहुकूम काढून या कर्जांना लगाम घालावा लागला. उद्देश चांगला असला, तरी परिणाम मोजला नाही तर असे होते. किती कर्ज वाटले हा परिणाम नव्हे. त्या कर्जाने घर सावरले की बुडाले, हा परिणाम.

दुसरी गोष्ट. थोड्या दिवसांत दामदुप्पट, झाडे लावा आणि लाखो मिळवा, अशा योजना घेऊन कोणी आला, तर पर्यावरणाच्या नावाला भुलू नये. प्रामाणिक गुंतवणूक माफक मोबदला सांगते आणि तोटा होऊ शकतो हेही आधीच सांगते.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेकांची मिळकत थोडी आहे. तरी करण्यासारखे पुष्कळ आहे.

१. रिझर्व्ह बँकेच्या १ जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकांना 'हरित ठेवी' घेता येतात. अशा ठेवीचा पैसा पर्यावरणपूरक कामांनाच द्यावा लागतो आणि त्याची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी होते. आपल्या बँकेत अशी ठेव आहे का, हे विचारावे. दहा ठेवीदारांनी विचारले, तर शाखाधिकारीही वर विचारतो.

२. बचत गटाने कर्ज देताना परतफेडीची ऐपत पाहावीच. शिवाय या कामाने पाणी, माती, रान यांचे काय होणार, हाही प्रश्न वहीत नोंदवावा. मोह साठवणे, बांबूच्या वस्तू, धानाच्या बांधावरची झाडे, सरपण वाचवणारी चूल अशा कामांना पुढचा क्रमांक द्यावा.

३. ज्यांच्या गावाचा वनहक्काचा दावा झालेला नाही, त्यांनी तो समजून घ्यावा. हा कायदा केवळ अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. पिढ्यान्पिढ्या रानावर जगत आलेल्या बिगरआदिवासींनाही तो लागू आहे. त्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

४. शिकलेल्या तरुणांनी आपल्या ग्रामसभेचा किंवा गटाचा हिशेब लिहून द्यावा. नीट लिहिलेली वही हेच गरीब गावाचे तारण आहे.

पैसा हा नोकर म्हणून चांगला असतो. मेंढ्याच्या आणि पाचगावच्या लोकांनी त्याला रानाच्या राखणीला लावले. आपल्या घरातल्या, गटातल्या आणि बँकेतल्या पैशाला आपण कोणते काम सांगितले आहे, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षी कोणता वनोपज विकला गेला? भाव कोणी ठरवला?

२. आपल्या बचत गटाने मागील वर्षी दिलेल्या कर्जांपैकी किती कर्जांनी घराची मिळकत खरोखर वाढली? ते आपण कसे ओळखले?

३. पाचगावप्रमाणे निसर्गासाठी एखादे उत्पन्न सोडायचे झाले, तर आपल्या गावाला त्याऐवजी काय लागेल?